करदोड्याची चाबी

आमच्या शाळेचे संगणकावरचे खाते उघडायचे झाले, की सर यंत्रापुढे उभे राहत, शर्टाचे टोक बाजूला सारत आणि कमरेत असे वाकत, की नव्याने आलेल्या पाहुण्याला वाटावे, गृहस्थ संगणकाला नमस्कार करीत आहेत. तो नमस्कार नसे. सरांच्या कमरेला काळा करदोडा होता, करदोड्याला एक जाड दोरा बांधलेला होता आणि दोऱ्याच्या टोकाला घेवड्याच्या शेंगेपेक्षाही लहान अशी एक चपटी, काळी वस्तू होती. ती संगणकाच्या खाचेत बसवायची, तिच्यावरच्या सोनेरी ठिपक्याला बोट लावायचे, म्हणजे खाते उघडे. दोरा सोडून ती हातात घेणे सहज शक्य होते. परंतु अंगावरून उतरलेली चाबी ही निम्मी हरवलेलीच असते, असे सरांचे मत होते. म्हणून चाबी संगणकाकडे जात नसे. चाबीसकट सर जात.

काही महिन्यांनी मुख्याध्यापकांनी एक लांब वायर आणून ती खाच टेबलाच्या वर आणली.

"सर, तुमचं हे वाकनं पाहूपाहू माहीच कंबर दुखून राह्यली," ते म्हणाले.

त्यानंतर सर ताठ उभे राहून खाते उघडू लागले. मात्र त्या वेळी खिडकीकडे तोंड फिरवण्याची आम्हा शिक्षिकांना जी सवय लागली होती, ती पुढेही बरेच दिवस टिकली.

मी त्या शाळेत मराठी शिकवीत असे. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले ते गाव. रस्त्याच्या एका अंगाला शाळा, दुसऱ्या अंगाला भाजीचे मळे. त्यांतला एक मळा सरांचा. सकाळी वांगी तोडायची, हात धुवायचे आणि घंटेच्या आधी गणिताच्या वर्गावर हजर व्हायचे, हा त्यांचा क्रम. वर्गात ते अत्यंत शुद्ध, पुस्तकी मराठी बोलत. वर्गाचा उंबरठा ओलांडला की वऱ्हाडी. दाराशी उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून दोन्ही भाषांत रागावताना मी त्यांना पाहिले आहे.

मुले त्यांना 'चाबीवाले सर' म्हणत. हे नाव त्या छोट्या काळ्या चाबीच्याही आधीचे. कारण कुलूप या वस्तूविषयी सरांना लहानपणापासून आस्था होती. त्यांच्या वडिलांच्या करदोड्याला मळ्यातल्या मोटारीच्या खोलीची चाबी असे, आणि आंघोळ करतानाही ती त्यांनी कधी काढली नाही. सरांनी तो वारसा मनोभावे चालवला. शाळेचे दार लावले, की कुलूप दोनदा खाली ओढायचे, मग थोडे थांबून आणखी एकदा ओढायचे. कोणी हसले तर म्हणत, "कुलपाले इचारून घेतो. आपन लावलं म्हनजे लागलं असं नसते." बसथांब्यापर्यंत जाऊन परत येऊन कुलपाला पुन्हा विचारल्याचेही प्रसंग होते. त्यांच्यासाठी बस थांबवून धरण्याचे काम आमच्याकडे असे.

स्वतःविषयीची माहिती ते अशीच बंदोबस्तात ठेवीत. त्यांचा वाढदिवस केव्हा, हे शाळेत कोणालाच ठाऊक नव्हते. एका शिक्षिकेला त्यांनी श्रावणातला दिवस सांगितला, मुख्याध्यापकांना उन्हाळ्यातला, आणि मला संक्रांतीच्या आसपासचा. परिणामी एका वर्षात त्यांचे अभीष्टचिंतन अनेकदा झाले. दर वेळी त्यांनी गंभीरपणे हार घालून घेतला आणि पेढा खाल्ला. पुढे ही भानगड उघडकीस आली, तेव्हा मी त्यांना कारण विचारले.

"मॅडम, जल्मतारीख कायले पाहिजे लोकायले? पासवर्ड शोधायले. तुमाले शुभेच्छा द्यायच्या हायेत ना? मंग कोनत्याबी दिवशी द्या. मी घेईन."

आता त्या चाबीविषयी चार शब्द सांगणे आवश्यक आहे. कारण वाचकांपैकी सर्वांनी ती पाहिली असेल असे नाही. संगणकावरच्या खात्याला पासवर्ड असतो, हे आपण जाणतो. पासवर्ड ही आपल्याला माहीत असलेली गोष्ट. ती दुसऱ्याला माहीत झाली, की त्याच्यात आणि आपल्यात काही भेद उरत नाही. म्हणून पासवर्डाच्या जोडीला आणखी एक खातरजमा ठेवतात. पुष्कळ ठिकाणी ती फोनवर येणाऱ्या कोडची असते. तिच्याहून पक्की खातरजमा म्हणजे ही चाबी. कारण ती माहीत असून उपयोग नाही, ती जवळ असावी लागते. सर हे फार थोडक्यात सांगत: "पासवर्ड सांगता येते, चाबी द्यावी लागते. देलेली वस्तू वापस मागता येते. सांगतलेलं वापस कसं मागसान?"

ही चाबी शाळेत येण्यापूर्वी आमचा पासवर्ड भिंतीवर होता. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. मुख्याध्यापक तो वारंवार विसरत. कागदावर लिहिला तर कागद हरवे, फळ्यावर लिहिला तर मुले पुसत. अखेर चित्रकलेच्या शिक्षकांनी तो निळ्या ऑइल पेंटने, सुंदर वळणदार अक्षरांत, संगणकामागच्या भिंतीवर रंगवला आणि भोवती वेलबुट्टीही काढली. वरच्या बाजूस त्या दिवसाचा सुविचार, खालच्या बाजूस पासवर्ड. येणारे पालक दोन्ही आदराने वाचत.

त्या खात्यात काय होते, तेही सांगायला हवे. आमच्या गावातली आणि आसपासच्या वाड्यांवरची पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिमेकडे जातात. मुलांची शाळा बुडू नये म्हणून शाळेतच हंगामी वसतिगृह चालते. कोणत्या मुलाचे आई-वडील कोणत्या मुकादमाच्या टोळीत आहेत, कोणत्या भागात आहेत, त्यांचा फोन नंबर काय, मुलाला कोणता आजार आहे, ही सारी माहिती त्या खात्यात असे. सरांनीच ती नीटनेटकी भरून ठेवली होती.

एका हंगामात आरती नावाच्या मुलीच्या आईला फडात एक फोन आला. फड म्हणजे जिथे ऊस तोडणी चाललेली असते ते शेत. फोन करणारा म्हणाला, "मी शाळेतून सर बोलतोय. आरती पडली, दवाखान्यात आहे, उपचाराला ताबडतोब पैसे पाठवा." त्याला आरतीचे नाव, इयत्ता, आईचे नाव, सारे ठाऊक होते. आरतीच्या आईने पैसे पाठवले नाहीत. तिने कोयता खाली टाकला आणि ती निघाली. मिळेल त्या ट्रकने आणि बसने, न जेवता, सारा प्रवास रडत करून ती शाळेच्या फाटकात पोचली, तेव्हा आरती अंगणात लंगडी खेळत होती.

"आई, तू काहून आली?" आरतीने एका पायावर उभे राहूनच विचारले.

आईने तिला इतके घट्ट धरले, की मुलीचा दुसरा पाय बराच वेळ जमिनीला टेकला नाही. आम्ही सारे भोवती जमलो. त्या बाईने आमच्याकडे पाहिले आणि इतकेच म्हटले, "आता खरंच फोन आला त मी येऊ का नको?"

सर त्या दिवशी जेवले नाहीत. दुपारभर ते शाळेचे जुने फोटो चाळत बसले. प्रजासत्ताक दिनाच्या बक्षीस समारंभाचा एक फोटो गावभर, तालुकाभर फोनवरून फिरला होता. हसरी मुले, पाहुणे, ढाल. आणि मागे वेलबुट्टीसह आमचा पासवर्ड. तो इतका सुवाच्य होता, की चित्रकलेच्या शिक्षकांना त्याही स्थितीत क्षणभर समाधान वाटले असावे. माहिती तिथूनच गेली, हे कधी सिद्ध झाले नाही. गणिताच्या शिक्षकाने एरवी सिद्धतेचा आग्रह धरला असता. त्या दिवशी त्यांनी चुन्याची बादली आणली आणि स्वतःच्या हाताने भिंत पांढरी केली.

पुढे वाशिमला झालेल्या कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांनी या चाब्यांविषयी ऐकले आणि स्वखर्चाने दोन मागवल्या. कुरिअरने मालेगावच्या औषधांच्या दुकानात येऊन पडलेले ते पुडके त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सर्वांसमक्ष उघडले. आमची निराशा झाली.

"हे येवढंसं?" मुख्याध्यापक म्हणाले. "मले वाटलं तिजोरीवानी काही असन. अन् दोन काहून?"

"एक हरपली त?"

"तुमची हरपते का कधी चाबी?"

"नाही हरपत. म्हनूनच दोन घेतो."

या तर्कात काहीतरी चूक आहे असे सर्वांना वाटले. ती नेमकी कुठे आहे ते कोणाला सांगता येईना. एक चाबी करदोड्याला गेली. दुसरी सरांनी आपल्या पत्नीकडे दिली. वहिनी मळ्यातला भाजीपाला मालेगावच्या बाजारात विकत. त्यांच्या कमरेला कापडी बटवा असे. त्यात सुपारी, चुना, सुटे पैसे यांच्या सोबतीला ही चाबी राहू लागली. दिवसभर नवरा एका गावात, बायको दुसऱ्या गावात. एकाच वेळी दोन्ही चाब्या जायच्या नाहीत, असा त्यामागचा विचार.

त्याच दिवशी सरांनी फोनवर कोड येण्याची सोय बंद करून टाकली. यावरून मुख्याध्यापकांशी त्यांचा चांगलाच वाद झाला.

"फोन त माह्या खिशात असते!" मुख्याध्यापक म्हणाले.

"फोन खिशात असते, सर. कोड तोंडात येते."

मुख्याध्यापकांना हे लागले. ते मनाने सरळ, पण फोनवर कोणी अदबीने बोलले, की त्याला हवे ते सांगून मोकळे होणारे गृहस्थ होते. एकदा चुकीचा नंबर लावलेल्या माणसाला त्यांनी आपल्या मधुमेहाची समग्र हकीकत सांगितली होती.

आता दसऱ्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. खंडेनवमीला आपल्याकडे कामाच्या वस्तूंची पूजा होते. मळ्यात खुरपी, विळे, तराजू. शाळेत पाटी, कंपास, घंटा आणि अलीकडे संगणक. वहिनींनी पाठवलेल्या झेंडूच्या माळा संगणकाला घातल्या होत्या. वर्षातून त्या एकाच दिवशी सर करदोड्यावरून चाबी उतरवीत. ताटात घंटेच्या शेजारी त्यांनी ती ठेवली. पूजा मुख्याध्यापकांनी केली, आणि हात सैल असल्यामुळे ओले कुंकू त्यांनी सढळपणे लावले. चाबीच्या सोनेरी ठिपक्यावर तर एक टपोरे बोट उमटले. सरांचा चेहरा किंचित कसनुसा झाला, पण देवाच्या कार्यात ते बोलले नाहीत.

प्रसाद वाटला जात असतानाच मुख्याध्यापकांच्या फोनवर निरोप आला. शाळेचे खाते आज संध्याकाळी बंद होत आहे, सारी माहिती पुसली जाईल, टाळायचे असल्यास पुढील दुव्यावरून खात्यात प्रवेश करा, असा त्याचा मजकूर होता. तोच निरोप संगणकावरच्या पेटीतही आला होता. मुख्याध्यापकांनी साखरफुटाण्यांची वाटी खाली ठेवली.

"सर! पोट्ट्यायची सारी माहिती गेली त वसतिगृह कसं उघडाचं? मानसं आता महिनाभरात तोडीले निघतीन!"

त्यांनी लगबगीने संगणकावर तो दुवा उघडला. ओळखीचे पान समोर आले. तेच रंग, तेच चिन्ह. त्यांनी पासवर्ड टाकला. पानाने चाबी मागितली. सरांनी ताटाला हात जोडले, पूजेतली चाबी उचलल्याबद्दल क्षमा मागितली आणि ती खाचेत बसवली. एरवी तिच्यातला हिरवा दिवा लुकलुके. त्या दिवशी तो लागला नाही. ठिपक्याला बोट लावले, दाबले, पुन्हा दाबले. पान म्हणाले: चाबी ओळखता आली नाही, फोनवर आलेला कोड टाका.

"टाका आता कोड!" मुख्याध्यापक कडाडले. "बंद करून ठेवला ना तुमी! मी म्हनतच होतो!"

"कोड कायले पाहिजे? चाबी चांगली होती सकायपर्यंत. तुमी कुंकू किती लावलं? चाबीले लावलं का नवरीले?"

"पूजा होय ती! पूजेनं बिघडते अशी कोनती वस्तू हाय?"

मग चाबी पुसणे सुरू झाले. आधी रुमालाने, मग कापसाने, मग प्रयोगशाळेतल्या स्पिरिटने, मग कोणा शिक्षिकेच्या पर्समधल्या दात कोरायच्या काडीने. रुमाल लाल झाला, कापूस लाल झाला, सरांची बोटे लाल झाली. दिवा काही लागेना. सर मला म्हणाले, "मॅडम, तुमची गाडी काढा. दुसरी चाबी बाजारात हाय."

माझ्या स्कूटीवर मागे बसून ते मालेगावला आले. गावाच्या वेशीजवळ ते "त्या पोरीची माय पुन्हा फोनवर रडाले नको," असे काहीसे पुटपुटले. माहिती पुसली गेली, तर येत्या हंगामात आरतीच्या आईला खरा फोनही कोणाला करता येणार नाही, हे त्यांच्या मनात चालले होते.

दसऱ्याचा बाजार झेंडूने भरला होता. वहिनी फुलांच्या ढिगामागे बसल्या होत्या आणि भोवती गिऱ्हाइकांची ही गर्दी.

"अवो, चाबी दे!" सर गर्दीवरून ओरडले.

"कोनती? घरची का शायेची?"

"शायेची! लवकर! पयली बिघडली."

"बिघडली? तुमच्या हाती?" वहिनींना मनापासून आनंद झाला. "मंग मांगच्या हप्त्यात माह्या हातून खुरप्याचा दांडा मोडला, तवा इतकं काहून बोलले मले?"

"ते मंग सांगतो. चाबी!"

"देतो ना. पन हे गिऱ्हाईक कोन पाह्यल? तोला तुमी तवर. पाव तोला, अर्धा तोला, मले बटवा सोडू द्या."

अशा रीतीने, शाळेवर संकट कोसळलेले असताना, गणिताचे शिक्षक मालेगावच्या बाजारात झेंडू तोलत उभे राहिले. त्यांचाच एक जुना विद्यार्थी समोर होता. तो म्हणाला, "सर, थोडं झुकतं माप द्या."

"बरोबरचं चिन्ह शिकवलं होतं का नाही तुले? दोन्ही बाजू सारख्या."

वहिनींनी बटव्यातून चाबी काढली. तिच्या टोकाला सुपारीचा चुरा आणि थोडा चुना होता. सरांनी तिच्याकडे पाहिले, वहिनींकडे पाहिले आणि दीर्घ श्वास घेतला. "काही नाही होत," वहिनी म्हणाल्या. "फुकून घ्या."

शाळेत परत आलो. मुख्याध्यापक पानासमोर तसेच बसून होते आणि फोनकडे पाहून कोडची वाट बघत होते. तो येणे शक्य नाही हे ठाऊक असूनही. सरांनी दुसरी चाबी फुंकून, घासून, पुसून खाचेत घातली. दिवा लागला नाही. पान पुन्हा म्हणाले, चाबी ओळखता आली नाही.

मुख्याध्यापक खुर्चीत मागे रेलले. "झालं. गेलं सारं."

सर मात्र जागच्या जागी थांबले. उदाहरण फळ्यावर पूर्ण सोडवून झाल्यावर उत्तर भलतेच आले, की ते असे थांबत. खालून वर एकेक पायरी तपासत. त्यांच्या लाल बोटांत एक चाबी होती, चुना लागलेल्या बोटांत दुसरी.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "एक कुंकवानं बिघडली. दुसरी सुपारीनं बिघडली. दोन्ही एकाच दिवशी?"

"योगायोग असेल, सर."

"नाही. दोन्ही चाब्या लागत नसतीन, त चाब्या चांगल्या हायेत. आपन दुसऱ्याच्याच दाराशी उभे हाओ!"

मग त्यांनी ते पान बंद केले. निरोपातल्या दुव्याला हात न लावता शाळेच्या खात्याचा नेहमीचा पत्ता स्वतः टाकला. तेच रंग, तेच चिन्ह, हुबेहूब तसेच पान. पासवर्ड टाकला. कुंकवाची चाबी खाचेत घातली. हिरवा दिवा लुकलुकला. सरांनी लाल बोट ठिपक्यावर ठेवले आणि खाते उघडले. सारी मुले, सारे पालक, सारे नंबर जिथल्या तिथे होते. खाते बंद होणार असल्याची सूचना तिथे कुठेही नव्हती.

यातले मर्म असे, की साधी चाबी कोणत्याही कुलपात घुसवून पाहता येते. ही चाबी आधी दाराचा पत्ता पाहते. ज्या पत्त्यावर तिची नोंदणी झाली, तो सोडून अन्यत्र ती उघडण्याचा प्रयत्नच करीत नाही. माणूस रंग आणि चिन्ह पाहून फसतो. ती रंग पाहत नाही. हे सारे सरांनी चाबी आणली तेव्हाच आम्हाला सांगितले होते. आम्ही ते ऐकून विसरलो, यात नवल नाही. पण घाईत तेही विसरले आणि बिचाऱ्या कुंकवाला दोष देत राहिले, याची त्यांना पुढे फार गंमत वाटे. ही हकीकत सांगताना ते स्वतःच्या फजितीचा भाग कधीही गाळत नसत.

सरांनी तत्काळ पासवर्ड बदलला. मुख्याध्यापक त्यांच्याकडे वळले.

"म्हनजे मी पासवर्ड त्याले देऊन टाकला?"

"देला."

"अन् कोड आला असता, त तोबी देला असता."

"देला असता, सर."

"चाबीबी देली असती मी!" मुख्याध्यापक कळवळून म्हणाले. "मागतली असती त देली असती!"

"ते घ्यायले त्याले इथी यावं लागलं असतं," सर म्हणाले. "अन् आला असता, त तुमी त्याले प्रसादबी देला असता." आणि मग शिक्षकांच्या खोलीत जो हशा पिकला, त्यात मुख्याध्यापकांचा आवाज सर्वांत मोठा होता.

दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. सरांचे समाधान झाले नाही. ते म्हणाले, आपले दार पक्के झाले. पण पालकांचा फोन हेही दारच आहे, आणि त्याला कुलूप नाही. नंबर काय, कुठूनही मिळतो. दिवाळी झाल्यावर, टोळ्या निघण्यापूर्वी, त्यांनी पालकांना शाळेच्या अंगणात बोलावले. प्रत्येक घराने आपल्या मुलाशी एक खूण ठरवायची. एखादा शब्द, एखादे लाडाचे नाव, काहीही. ती फक्त आई-बाप आणि मूल यांच्यात राहील. शाळेतून फोन आला, तर आधी खूण विचारायची. आवाज कितीही ओळखीचा वाटला तरी विचारायची.

एका बापाने हात वर केला. "सर, तुमाले तरी सांगून ठेवतो."

"मले त बिलकूल नाही! मले सांगतली, की मी कोनाले तरी सांगन. हेडमास्तरायले त दुरूनबी ऐकू देऊ नका."

अंगणभर कुजबुज सुरू झाली. मुलांच्या कानांशी आया, आयांच्या कानांशी मुले. एका आजोबांनी खूण इतक्या मोठ्याने सांगितली, की ती सबंध गावाची झाली. त्यांना दुसरी ठरवायला लावली. सर फाटकाशी पाठ करून उभे होते आणि मधूनमधून विचारत होते, "झालं का? वळू का आता?"

माझी बदली त्यानंतर वर्षभराने वाशिमला झाली. सर अजून तिथेच आहेत. मळाही आहे, करदोडाही आहे. परंतु मला ते आठवतात ते त्या हंगामातल्या एका दुपारचे. आरती तालुक्याच्या स्पर्धेत धावण्यात पहिली आली होती. ढाल घेऊन आम्ही शाळेत परतलो आणि सरांनी उत्साहाने तिच्या आईला फोन लावला. त्यांच्या फोनचा आवाज मोठा, त्यामुळे पलीकडचे बोलणे मलाही ऐकू येत होते.

"आरतीची माय का? मी सर बोलून राह्यलो, शायेतून."

पलीकडे उसाच्या वाळल्या पाचटाची सळसळ. "कोनते सर?"

"गनिताचे. चाबीवाले."

"हां. बोला."

"आरती पयली आली धावन्यात! तालुक्यात!"

"बरं. खून सांगा."

"खून मले कशी मालूम असन? ते तुमची मायलेकीची."

"मंग ठेवा फोन."

"अवो बाई, मी सरच हाओ!"

"मांगल्या खेपेचाबी सरच होता. तुमच्याहून गोड बोले तो."

"माहा आवाज ओळखू येत नाही का तुमाले?"

"आवाजावर जाऊ नका, असं सरनंच सांगतलं आमाले. तुमी सर असते, त तुमाले मालूम नसतं का?" आणि तिने फोन ठेवला.

सर फोनकडे पाहत राहिले. मग त्यांनी आरतीला हाक मारली, पुन्हा नंबर लावला आणि फोन तिच्या हाती दिला. आरतीने तोंडाशी हात धरला, बोलणार तोच थांबली आणि आमच्याकडे पाहिले.

"सर, तुमी बाहीर जा."

सर निमूटपणे निघाले.

"मॅडम, तुमीबी."

आम्ही दोघे व्हरांड्यात आलो. सर भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यासारखे, दोन्ही कानांत बोटे घालून उभे राहिले. त्यांचा चेहरा मात्र असा फुलला होता, की वाटावे, ढाल त्यांनाच मिळाली.

"मॅडम, पाह्यलं?" कानांत बोटे असल्यामुळे ते गरजेपेक्षा फार मोठ्याने बोलत होते. "मलेबी नाही उघडलं तिनं! मलेबी नाही!"

आतून आधी कुजबुज आली, मग फोनमधून आईची एक आनंदाची किंकाळी, मग दोघींचे एकदम बोलणे. थोड्या वेळाने आरती फोन घेऊन दारात आली.

"सर, आई म्हनते, आता सरले दे."

सरांना ते ऐकू गेले नाही. आरतीला त्यांचा शर्ट ओढावा लागला.